दहशतवाद, भय आणि प्रवासाची मागणी : विमानप्रवासविषयक संशोधनाची कर्जत मार्गावरून एक समीक्षा

बीजसंज्ञा : दहशतवाद, विमानप्रवासाची मागणी, मागणीची लवचिकता, पर्यायी वस्तू, उपनगरी रेल्वे, पासधारक

प्रस्तावना

11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे झालेल्या हल्ल्यांनंतर अर्थशास्त्रात एक नवे अभ्यासक्षेत्र झपाट्याने वाढीस लागले. दहशतवादी कृत्याचा प्रवासाच्या, विशेषतः विमानप्रवासाच्या मागणीवर कोणता परिणाम होतो, तो किती काळ टिकतो आणि त्याची किंमत समाजाला किती पडते, हे या क्षेत्रातील मुख्य प्रश्न होत. त्यांवर गेल्या दोन दशकांत विपुल लेखन झाले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय या लेखनामागे उभे असलेले एक गृहीतक हा आहे. प्रवासाची मागणी घटली तर समाजात भय आहे, आणि मागणी घटली नाही तर भय नाही किंवा समाजाने भयावर मात केली आहे, असे ते गृहीतक. ते क्वचितच शब्दांत मांडले जाते. परंतु आकडेवारीचा अर्थ लावताना बहुतेक अभ्यासक त्याचाच आधार घेतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील प्रवाशांना ते लावून पाहिले असता त्याची मर्यादा उघडी पडते.

या शहरांची निवड केवळ सोयीपोटी केलेली नाही. कल्याणनंतर मध्य रेल्वेचा मार्ग दुभंगतो. एक फाटा कसाऱ्याकडे व दुसरा कर्जतकडे जातो. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही कर्जत फाट्यावरील पहिली स्थानके. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारे 60 व बदलापूर सुमारे 68 किलोमीटर अंतरावर आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसवलेल्या सिंधी निर्वासितांच्या कष्टांतून उभे राहिलेले उल्हासनगर, आयुध निर्माणी व औद्योगिक वसाहतीचे अंबरनाथ आणि मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदारांचे बदलापूर, अशी तिघांची घडण निरनिराळी आहे. रेल्वेवरील अवलंबित्व मात्र समान आहे. येथील माणूस रोज लोकलने जातो आणि वर्षा-दोन वर्षांतून एकदा विमानाने. दहशतवादाने या दोन्ही प्रवासांना गेल्या 25 वर्षांत स्पर्श केला आहे. एकाच माणसाच्या दोन प्रवासांची मागणी हल्ल्यानंतर दोन तऱ्हांनी वागत असेल, तर फरक त्या माणसाच्या मनातील भयात शोधावयाचा की अन्यत्र, हा खरा प्रश्न आहे.

विमानप्रवासाविषयीचे संशोधन

या विषयावरील सर्वाधिक उल्लेखला जाणारा अभ्यास हारुमी इतो व डॅरिन ली यांचा (2005). अमेरिकेतील देशांतर्गत विमानप्रवासाची 1986 ते 2003 या काळातील मासिक आकडेवारी घेऊन त्यांनी आर्थिक मंदी, हंगाम इत्यादी घटकांचा परिणाम वेगळा काढला. हल्ल्यानंतर मागणीला बसलेला तात्कालिक धक्का 30 टक्क्यांहून अधिक होता; आणि तो ओसरल्यानंतरही सुमारे 7.4 टक्के इतकी घट दोन वर्षांनंतर कायम होती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तात्कालिक धक्का आणि टिकाऊ धक्का हा भेद या अभ्यासाची मोठी देणगी होय. त्यापूर्वीच्या चर्चेत दोन्हींची सरमिसळ होत असे.

दुसरा महत्त्वाचा विचार मानसशास्त्राच्या बाजूने आला. जर्मन अभ्यासक गेर्ड गिगेरेन्झर यांनी असे दाखवले की, विमान टाळणारे अनेक अमेरिकन मोटारीने प्रवास करू लागले आणि पुढील बारा महिन्यांत रस्त्यांवरील अपघातांत सुमारे 1,500 लोक नेहमीपेक्षा अधिक मरण पावले. एका क्षणी अनेकांचा जीव घेणारा धोका माणसाला अधिक भयावह वाटतो. तेवढेच किंवा त्याहून अधिक जीव थोडेथोडे करून घेणारा धोका तो सहज पत्करतो. हा युक्तिवाद प्रभावी आहे, आणि वर्गात शिकवण्यास सोपाही आहे. कदाचित म्हणूनच तो कोठेही लावला जातो.

या दोन अभ्यासांना छेद देणारा तिसरा अभ्यास ब्लॅलॉक, कडियाली व सायमन यांचा (2007). हल्ल्यानंतर सामानाची यंत्रांद्वारे तपासणी सक्तीची झाली. या तपासणीमुळेच प्रवासीसंख्या सुमारे 6 टक्क्यांनी, आणि सर्वाधिक वर्दळीच्या 50 विमानतळांवर सुमारे 9 टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. याचा अर्थ असा की, ज्या घटीला इतर लेखक भय म्हणत होते तिचा काही भाग निव्वळ रांगेचा कंटाळा होता. अल्प अंतराच्या प्रवासात दोन तास आधी विमानतळावर पोहोचावे लागले तर मोटार अधिक सोयीची ठरते. येथे भयाचा काहीही संबंध नाही.

या तिन्ही अभ्यासांत एक गोष्ट समान आहे, आणि ती इतकी स्वाभाविक मानली गेली की तिच्याकडे लक्ष जात नाही. अमेरिकेतील मध्यमवर्गीयाच्या दारात मोटार उभी होती. विमानाला पर्यायी वस्तू उपलब्ध होती, म्हणून भय असो वा कंटाळा, त्याला मागणीच्या आकड्यात प्रकट होण्यास वाट मिळाली. मागणीच्या लवचिकतेचा हा प्राथमिक सिद्धांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो : पर्याय जितके अधिक, तितकी मागणी लवचीक. तरीही दहशतवादावरील लेखनात लवचिकतेच्या जागी भय हा शब्द बसवला गेला, आणि तो तेथून हलला नाही.

भारतीय संदर्भात आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रवाशांची संख्या म्हणजे मागणी नव्हे. ती मागणी व पुरवठा यांच्या छेदबिंदूवर मिळणारी संख्या आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्याचा विमानप्रवासावर झालेला परिणाम सांगताना 2008 मधील घटलेली देशांतर्गत प्रवासीसंख्या पुढे केली जाते. परंतु त्या वर्षाच्या मध्यास विमान इंधनाचे दर प्रचंड वाढले होते, भाडी चढली होती, जागतिक मंदी दारात होती. जेट एअरवेजने सुमारे 1,900 कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याचा, आणि टीका होताच त्यांना परत घेण्याचा निर्णय ऑक्टोबर 2008 मध्येच घेतला होता, म्हणजे हल्ल्यापूर्वी. परदेशी पर्यटकांची संख्या 2008 मधील सुमारे 52.8 लाखांवरून 2009 मध्ये सुमारे 51.7 लाखांवर आली, हेही खरे. परंतु त्याच वर्षी मंदीमुळे संपूर्ण जगातील पर्यटकसंख्या सुमारे 4 टक्क्यांनी घटली होती. भारतातील घट त्याहून कमी होती. अशा आकड्यांवरून हल्ल्याचा परिणाम वाचणे म्हणजे पुराच्या पाण्यात कोणत्या ओढ्याचे पाणी किती हे डोळ्यांनी ठरवणे आहे.

मुलुंड, 13 मार्च 2003

कर्जत मार्गावरील प्रवाशाच्या दृष्टीने दहशतवादाचा इतिहास न्यूयॉर्कपासून सुरू होत नाही आणि 26/11 वर थांबत नाही. 13 मार्च 2003 रोजी सायंकाळच्या गर्दीच्या वेळी कर्जतकडे जाणारी लोकल मुलुंड स्थानकात शिरत असताना महिलांच्या प्रथम वर्गाच्या डब्यात स्फोट झाला. किमान 10 जण मृत्युमुखी पडले व अनेक जखमी झाले. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटमालिकेला दहा वर्षे पूर्ण झाल्याचा तो दुसरा दिवस होता. त्याआधी डिसेंबर 2002 मध्ये घाटकोपर येथे बसमध्ये स्फोट झाला होता. पुढे 11 जुलै 2006 रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांच्या प्रथम वर्गाच्या डब्यांत काही मिनिटांत सात स्फोट होऊन 180 हून अधिक प्रवासी ठार झाले; दादरला गाडी बदलून पश्चिमेकडे जाणाऱ्या बदलापूर-अंबरनाथच्या नोकरदारांसाठी तोही परक्या मार्गावरील प्रसंग नव्हता. 26 नोव्हेंबर 2008 रोजी तर ज्या स्थानकातून कर्जत लोकल सुटते तेथेच गोळीबारात 50 हून अधिक लोकांचा बळी गेला.

मुलुंडच्या स्फोटाचा उल्लेख या मालिकेत सहसा ओझरता होतो. मागणीच्या अभ्यासासाठी मात्र तो सर्वांत बोलका आहे. स्फोट झाला तो डबा महिलांचा होता. महिलांसाठी स्वतंत्र डबा ठेवला जातो तो सर्वसाधारण डब्यातील गर्दी, धक्काबुक्की व छेडछाड यांपासून संरक्षण म्हणून. म्हणजे त्या डब्यात बसणाऱ्या प्रवासिनीने एका धोक्यापासून दूर राहण्यासाठी तो पर्याय आधीच निवडलेला होता. स्फोटानंतर तिच्यापुढे उरलेला पर्याय म्हणजे सर्वसाधारण डबा, अर्थात जो धोका तिने टाळला होता तोच. इतो व ली यांच्या समीकरणात अशा प्रवासिनीसाठी जागा नाही. कारण तिच्या निवडीचे सारे मार्ग एकाच गाडीच्या आत संपतात.

या साऱ्या घटनांनंतर लोकलची मागणी घटली काय? 2006 मध्ये पश्चिम रेल्वेची वाहतूक काही तासांतच पुन्हा सुरू झाली. 2008 मध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी याच टर्मिनसमधून लोकल सुटू लागल्या आणि लोक त्यांत चढले. याहून अधिक लक्षणीय पुरावा जनगणनेत आहे. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या क्षेत्राची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 98 हजार होती. 2011 मध्ये ती 1 लाख 74 हजारांवर गेली. अंबरनाथची लोकसंख्या त्याच काळात सुमारे 2 लाख 4 हजारांवरून 2 लाख 53 हजारांवर पोहोचली. 2003, 2006, 2008 ही तिन्ही वर्षे याच दशकात येतात. मुंबईच्या रेल्वेवर सर्वाधिक हल्ले झाले त्या दशकात रेल्वेवाचून जगणे अशक्य असलेल्या गावात राहावयास जाणाऱ्यांची संख्या तीन-चतुर्थांशाहून अधिक वाढली. केवळ आकडाच पाहणाऱ्या अभ्यासकाने येथे दहशतवादाचा परिणाम धन आहे, असे लिहावयास हवे!

अर्थात असे कोणी लिहीत नाही. त्याऐवजी दुसरा शब्द वापरला जातो : ‘मुंबईचे स्पिरिट’. प्रत्येक हल्ल्यानंतर वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून दुसऱ्या दिवशीच्या भरलेल्या लोकलची छायाचित्रे दाखवून मुंबईकरांच्या धैर्याचे कौतुक झाले. या कौतुकामागे तेच गृहीतक आहे, केवळ अलंकारिक भाषेत : मागणी घटली नाही, म्हणून लोक घाबरले नाहीत. कौतुक करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु अलवचीक मागणीला शौर्य म्हणण्याची किंमत प्रवाशांनी मोजली आहे, ती कशी हे पुढे येईल.

पासधारकाची निवड

रोजचा प्रवासी व क्वचितचा प्रवासी यांत भेद करणारा उत्तम अभ्यास गॅरी बेकर व योना रुबिनस्टाइन यांचा आहे. इस्रायलमधील बसगाड्यांवर झालेल्या आत्मघाती हल्ल्यांनंतर सुटे तिकीट काढून जाणाऱ्यांची संख्या लक्षणीय घटली. एकत्रित तिकिटे घेऊन नियमित प्रवास करणाऱ्यांवर मात परिणाम दिसला नाही. लेखकांचे स्पष्टीकरण असे : भयावर नियंत्रण मिळवण्यासाठी मनाला खर्च करावा लागतो, ज्याला त्या प्रवासाचा लाभ अधिक, तो हा खर्च करतो, ज्याला लाभ थोडा, तो प्रवासच सोडतो. उपनगरी रेल्वेवरील मासिक व त्रैमासिक पासधारकांची संस्कृती पाहता हा अभ्यास जणू कर्जत मार्गासाठीच केला असावा, असे वाटते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. निरीक्षण म्हणून हा निष्कर्ष मौलिक आहे. तो सांगतो की, एकूण प्रवासीसंख्या हा भ्रामक आकडा आहे. तिच्या पोटात दोन वेगळ्या मागण्या दडलेल्या असतात. स्पष्टीकरण म्हणून मात्र तो शंकास्पद आहे. बदलापूरच्या पासधारकाला प्रवासाचा ‘लाभ’ म्हणजे त्याचा संपूर्ण पगार. नोकरी मुंबईत, घर बदलापुरात, आणि घराचे कर्जाचे हप्ते पंधरा-वीस वर्षांचे. रेल्वेप्रवास ही त्याच्यासाठी परोक्ष मागणी आहे. मूळ मागणी रोजगाराची आणि परवडणाऱ्या छपराची. ती मूळ मागणी अढळ असेल तर परोक्ष मागणी हलणार नाही, मग मनात भय कितीही असो. त्याने भयावर मात करण्यासाठी मानसिक गुंतवणूक केली असे म्हणणे म्हणजे बुडत्याने पोहण्यात गुंतवणूक केली असे म्हणण्यासारखे आहे. सूत्र बरोबर असेल, पण त्यातील ‘निवड’ हा शब्द तेथे शोभत नाही.

पासाचे आणखी एक वैशिष्ट्य या चर्चेत सुटते. पास काढल्यानंतर पुढील प्रत्येक फेरीची वाढीव किंमत शून्य असते. पैसे आधीच भरलेले असल्याने हल्ल्यानंतरच्या आठवड्यात प्रवास टाळण्यात कोणतीही बचत नाही, उलट रस्त्याने जावयाचे तर अधिकचा खर्च आहे. कल्याण-बदलापूर मार्ग व काटई-बदलापूर मार्ग यांवरील वाहतूक ज्यांनी अनुभवली आहे त्यांना वेळेचा हिशेब सांगण्याची आवश्यकता नाही. माद्रिदमधील 11 मार्च 2004 च्या रेल्वे स्फोटांचा अभ्यास करणाऱ्या लोपेझ-रूसो यांना असे आढळले की, स्पेनमध्ये रेल्वेप्रवास काही काळ घटला, पण मोटारींची वाहतूक वाढली नाही. अमेरिकेत झाले तसे दुय्यम अपघाती मृत्यू तेथे झाले नाहीत. लंडनमध्ये जुलै 2005 च्या स्फोटांनंतरच्या चार महिन्यांत भुयारी रेल्वेचा प्रवास सरासरी 8.3 टक्क्यांनी घटल्याचे पुढील संशोधनात दिसले. लंडनकराला बस होती, सायकल होती, काहींना पायी जाणेही शक्य होते. अंबरनाथहून भायखळ्याला पायी जाता येत नाही.

गिगेरेन्झर यांच्या सिद्धांताचे येथे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. त्यांच्या मते माणूस एका झटक्यात येणाऱ्या मृत्यूला भितो व रोजच्या मृत्यूला भीत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून व अन्य कारणांनी 2023 मध्ये 2,590 आणि 2024 मध्ये 2,468 लोक मरण पावले. 2006 च्या स्फोटमालिकेतील बळींच्या संख्येशी तुलना केली तर प्रत्येक वर्षी दहा पटींहून अधिक. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलगाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. बदलापूरचा प्रवासी रोज याच वळणावरून जातो. म्हणजे येथे झटक्याचा धोकाही आहे आणि रोजचाही, आणि मागणी दोहोंपैकी कोणालाच प्रतिसाद देत नाही. प्रतिसाद नसणे हे धोक्याच्या आकलनाचे लक्षण नसून पर्यायाच्या अभावाचे आहे, याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

पहलगामनंतर

22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळ बैसरन येथे झालेल्या हल्ल्यात 26 जण ठार झाले. त्यांत महाराष्ट्रातील सहा होते, आणि त्या सहांपैकी तिघे डोंबिवलीचे. कल्याणच्या अलीकडचे, याच रेल्वेमार्गावरचे शहर. दुसऱ्याच दिवशी श्रीनगरहून परतणाऱ्यांची रीघ लागली. विमान कंपन्यांना जादा उड्डाणे करावी लागली, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने भाडी भरमसाट न वाढवण्याच्या सूचना दिल्या, तिकीट रद्द करण्याचे शुल्क काही दिवसांसाठी माफ करण्यात आले. जम्मू-काश्मीर प्रशासनाने 87 पैकी 48 पर्यटनस्थळे बंद ठेवली. येथे भय मागणीत तत्काळ उतरलेले दिसते.

काश्मीरच्या सहलीला पर्याय विपुल आहेत. उटी आहे, सिक्कीम आहे, काहीच नाही तर घरी राहणे आहे. सहल पुढे ढकलता येते, रजा पुन्हा मिळते. शिवाय या मागणीचा एक भाग शासनानेच घडवलेला आहे : 2010 पासून केंद्र सरकारने रजा प्रवास सवलतीखाली विमानप्रवासाचा हक्क नसलेल्या कर्मचाऱ्यांनाही जम्मू-काश्मीरला विमानाने जाण्याची मुभा दिली व तिची मुदत वेळोवेळी वाढवली. अंबरनाथसारख्या आयुध निर्माणीच्या गावात या सवलतीचे महत्त्व सांगावयास नको. सवलतीवर उभी असलेली मागणी स्वतःच्या खिशातून केलेल्या मागणीहून अधिक नाजूक असणे स्वाभाविक आहे. याउलट उल्हासनगरच्या व्यापाऱ्याचा दुबई किंवा हाँगकाँगचा व्यापारी प्रवास सहलीसारखा पुढे ढकलता येत नाही. त्याची मागणी विमानाची असूनही वळणाने ती लोकलच्या पासधारकाच्या अधिक जवळ आहे. लवचिकता वाहनात नसते, प्रयोजनात असते. विमानप्रवासाच्या साहित्यात व्यापारी व सहलीचा प्रवास हा भेद जुनाच आहे. दहशतवादाची चर्चा सुरू झाली की तो बाजूला पडतो, इतकेच.

एप्रिल-मे 2025 मधील देशांतर्गत विमानप्रवासाच्या आकड्यांबाबतही पूर्वीचीच सावधगिरी बाळगावी लागेल. एप्रिलमध्ये प्रवासीसंख्येत मागील वर्षाच्या तुलनेत 8 टक्क्यांहून अधिक वाढ झाली होती. मेमध्ये ती 2 टक्क्यांच्याही आत आली. या घसरणीला दहशतवादाचा परिणाम म्हणणे सोपे आहे. परंतु मे महिन्यात सीमेवरील संघर्षामुळे उत्तर व पश्चिम भारतातील 32 विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीस बंद होते. जी विमाने उडालीच नाहीत त्यांत न बसलेल्या प्रवाशाला भित्रा म्हणता येत नाही.

सुरक्षेचे अर्थशास्त्र

जेथे गिऱ्हाईक दूर जाऊ शकते तेथे विक्रेता त्याचे ऐकतो, आणि जेथे जाऊ शकत नाही तेथे गिऱ्हाइकाला आवाज उठवावा लागतो, असा सिद्धांत अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये मांडला. विमानप्रवासी दूर जाऊ शकतो. त्यामुळे डिसेंबर 1999 च्या कंदाहार विमान अपहरणानंतर भारतात विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यास फेब्रुवारी 2000 मध्ये जयपूरपासून प्रारंभ झाला. आज प्रत्येक विमानप्रवासी तिकिटात सुरक्षा शुल्क भरतो. एप्रिल 2021 मध्ये ते देशांतर्गत प्रवासासाठी 200 रुपये करण्यात आले. लोकलच्या पासात असे शुल्क नाही आणि तशी सुरक्षाही नाही. दर काही मिनिटांनी हजारो माणसे चढ-उतार करणाऱ्या, चोहोबाजूंनी उघड्या स्थानकांत विमानतळाप्रमाणे तपासणी शक्य नाही, हा युक्तिवाद खरा आहे. विमान पकडण्यासाठी बदलापूरचा प्रवासी घाटकोपरपर्यंत जातो तो लोकलने, आणि विमानतळावर पोहोचल्यावर त्याच्या पट्ट्याचे बक्कलही तपासले जाते! एकाच दिवशी, एकाच देहाला सुरक्षेची ही दोन परिमाणे लागू होतात.

परंतु ‘शक्य नाही’ आणि ‘करण्याचा दबाव नाही’ या दोन गोष्टी भिन्न आहेत. विमानकंपनीचे एक आसन रिकामे राहिले की महसूल बुडतो, तो ताळेबंदात दिसतो, आणि ताळेबंद दिल्लीपर्यंत पोहोचतो. लोकलमधील भय कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, कारण गाडी भरलेलीच असते. ‘स्पिरिट’ची स्तुती येथे महाग पडते. ती ऐकल्यावर प्रशासनाने तातडीने काही करावे असे कारणच उरत नाही. आवाज उठवला की मात्र परिणाम होतो. ऑगस्ट 2022 मध्ये साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल सोडल्याच्या निषेधार्थ कळवा व बदलापूर येथे प्रवासी उतरले, आणि मध्य रेल्वेला नव्याने सुरू केलेल्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्यातही एक विसंगती आहे, कारण बंद दारांची गाडी ही मुंब्र्यासारखे अपघात टाळणारी गाडी होय. पण तिचे भाडे पासधारकाला परवडणारे नव्हते. सुरक्षेची मागणी किमतीपुढे हरली, याचा अर्थ सुरक्षा नको होती असा नाही.

भयाची चिन्हे कोठे शोधावीत

एकूण प्रवासीसंख्येत भय दिसत नसेल, तर जेथे अल्पशी का होईना निवड शिल्लक आहे तेथे ते शोधावे लागेल. बेकर व रुबिनस्टाइन यांची पद्धत, त्यांचे स्पष्टीकरण बाजूला ठेवून, येथे उपयोगी पडेल. उपनगरी स्थानकांवर सुट्या तिकिटांची व पासांची विक्री स्वतंत्र नोंदली जाते. उल्हासनगरला कपडे व लाकडी सामानाच्या खरेदीसाठी बाहेरून येणारा गिऱ्हाईक सुटे तिकीट काढतो; मुंबईत नोकरीला जाणारा पास काढतो. दोघे एकाच फलाटावर उभे राहतात, पण हल्ल्यानंतर त्यांचे वागणे एकच असेल असे मानण्यास आधार नाही. सुट्या तिकिटांची विक्री घटून पासांची स्थिर राहिली, तर ‘मागणी घटली नाही’ हे विधान अर्धेच खरे ठरेल, आणि घटलेला अर्धा भाग व्यापारी उल्हासनगरला नोकरदार बदलापूरपेक्षा अधिक जाणवलेला असेल.

याहून नेमकी कसोटी डब्याच्या वर्गाची आहे. 2003 मध्ये मुलुंडला आणि 2006 मध्ये पश्चिम रेल्वेवर, दोन्ही वेळा स्फोट प्रथम वर्गाच्या डब्यांत झाले. प्रथम वर्गाच्या पासधारकाला लोकल सोडता येत नाही, पण डबा सोडता येतो. द्वितीय वर्ग हा त्याचा एकमेव पर्याय, आणि तो स्वस्तही आहे. अमेरिकन प्रवाशाला दारातली मोटार जशी होती तसा हा पर्याय, फक्त पंचवीस-तीस पावलांवरचा. मार्च 2003 मधील स्फोटानंतरच्या एप्रिल व मे महिन्यांत, तसेच जुलै 2006 नंतरच्या ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये, अंबरनाथ व बदलापूरच्या खिडक्यांवर प्रथम वर्गाच्या किती पासांचे नूतनीकरण झाले आणि त्यांतील महिलांच्या पासांचे प्रमाण किती, हे आकडे पास संपण्याच्या तारखेशी जोडून पाहावयास हवेत. कारण त्रैमासिक पास हातात असलेल्या प्रवाशाला आपले भय खिडकीवर नोंदवण्याची संधी तीन महिन्यांनीच मिळते.